थेंब कुठनं पडतोय

३ नोव्हेंबर, सोमवार

आमचं मालक, म्हंजे माझं कुंकू, गोठ्यात शेणावरनं घसरलं. पायाला प्लास्टर. म्हणालं, पाय सुधरंपर्यंत दुधाचा रतीब राजवीर घालंल. राजवीर म्हंजे त्यांचा पुतण्या. बॅटरीची स्कूटर, केसाला जेल. मी म्हणलं, मी काय मेलो काय, मला मोटारसायकल येती की. येती म्हंजे मळ्यापतोर चालवल्याली हाय. लई वाद झाला. शेवटी ठरलं, रतीब मी घालायचा, पण गाडी एक दिवस जरी बंद पडली तर किल्ली राजवीरकडं.

कशाला बंद पडतीया. उचगावातनं राजारामपुरी काय लांब हाय.

४ नोव्हेंबर, सकाळ

दूध घालून आलो. कंबर धरली. पर चुलीपुढनं सुटलो. इतकी वर्सं भाकरीच थापल्या.

मालकांनी खाटेवरनं सांगितलं, इंजिनचं ऑइल बघत जा. बघितलं. मधला स्टँड माझ्यानं चढत न्हाय, म्हणून बाजूच्या स्टँडवर कलती लावून ऑइल मोजायची कांडी काढली. कांडीला ऑइल न्हाईच म्हणा. इतकी वर्सं गाडी उपाशी चालवली ह्या माणसानं. आन मला शिकवतंय.

ऑइलच्या डब्यातलं वतलं. वतून झाल्यावर वर थोडी धार घातली. दुधाला घालतोच की. माप झाल्यावर वरची धार पडली न्हाय तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय. गाडीचं बी तसंच असणार.

६ नोव्हेंबर

रोज ऑइल बघतो. रोज कमीच. रोज जरा वततो. आज गाडीखाली थेंब दिसला. तरी म्हणलं रोज जातंय कुठं. गळती हाय.

मालकास्नी सांगितलं न्हाय. आजारी माणसाला काळजी लावू ने.

७ नोव्हेंबर

गळती सापडली. इंजिनच्या खाली बोल्ट हाय, थेंब तिथंच लोंबतोय. एवढी साधी गोष्ट, मिस्त्री लोक उगंच दिवसदिवस गाडी ठेवून घेत्यात. पाना लावला, हातानं जमंना, मग पाय दिला. कट्ट करून आवाज आला. म्हंजे पक्का बसला.

आता गळायचं नाव न्हाय.

८ नोव्हेंबर

गळतंय. बोल्ट नुसता गोल फिरतोय, कुठं थांबंना. बोल्टच हलक्या प्रतीचा असणार.

दुकानातनं भोक बुजवायची लांबी आणली, दोन रंगांची असती ती, मळून एक करायची. मळण्यात माझा हात कोण धरंल. भाकरीच्या पिठावानी मळली, बोल्टावर थापली, वर बोटानं नक्षी बी काढली.

९ नोव्हेंबर, रविवार

लांबी पडली. पडली कुठं तर रतिबाच्या रुचिता वैनींच्या दारात. त्यांनी नवी पांढरी फरशी घातलीय दिवाळीला. त्या बोटानं दाखवाय लागल्या. मी म्हणलं शेजारच्या मोटारीचं असंल. त्या म्हणाल्या शेजारी मोटार न्हाय. लई बारीक बघायची सवय हाय बाईला.

आज दुपारी झोपणार व्हतो. म्हशीनं बादली उलथली. ऱ्हायलं.

१० नोव्हेंबर

राजवीर चुलत्याचा पाय बघायला आला आन बघत बसला गाडी. म्हणाला, काकू, इंजिन धुवून कोरडं करायचं, वर पावडर मारायची, जिथं वलं हुतंय तिथनं गळतंय. मोबाईलवर बघितलं म्हणं. मी म्हणलं, तुझी स्कूटर चार्ज कर जा, मला शिकवू नको.

तो गेल्यावर इंजिन धुतलं. पावडर घरात कुठली, माझ्या तोंडाला कधी लागलीय. जोतिबाचा गुलाल व्हता पुडीत. तो मारला. देवाचं काम बी झालं.

११ नोव्हेंबर

समदं इंजिन वलं. समदं गुलाबी. म्हंजे गळती समदीकडनं हाय, का कुठनंच न्हाय, काय कळंना. दुधाचं कॅन गुलाबी, साडीचा काठ गुलाबी, माझी टाच गुलाबी. एका घरात म्हातारीनं इचारलं, कोण निवडून आलं. गाडी पुढं काढली. दमलो हुतो.

थेंब बी आता गुलाबी पडतोय. ज्या दारात थांबतो त्या दारात एक.

गाडीच्या अंगातलं एवढं ऑइल गेलं, म्हणून आज जरा जास्तीच वतलं. वर धार.

१२ नोव्हेंबर

गाडी धूर सोडाय लागली. पांढरा, दाट. माझ्या मागनं उसाचा ट्रॅक्टर व्हता, त्याचा डायव्हर पुढं येऊन म्हणाला, मावशी, डासाचा धूर मारायचं काम मिळालंय काय. तुझ्या ट्रॉलीला मागं लाइट न्हाय ते आधी बघ म्हणलं.

थंडीनं धूर येत असणार. माणसाच्या बी तोंडातनं येतोय.

१३ नोव्हेंबर

गाडी बंद पडली. पर दूध घालून झाल्यावर पडली, त्यामुळं ही बंद धरायची न्हाय. टेंपोत घालून आणली. मालकास्नी म्हणलं, पेट्रोल वाचवलं.

त्यांनी हंबीरराव मिस्त्रीला फोन केला. मला न इचारता.

१४ नोव्हेंबर

आजचा रतीब टेंपोनं घातला. मग मिस्त्री आला. मालकांनी खाट दाराशी वडून घेतली बघायला. मिस्त्रीनं बोल्टाला बोट लावलं आन बोल्ट त्याच्या हातातच आला. खाली भांडं लावलं. ऑइल येतंय, येतंय. भांडं भरलं. मी घमेलं आणलं. मग त्यानं एअर फिल्टरचा डबा उघडला, त्यातनं बी ऑइल.

मिस्त्रीनं इचारलं, वैनी, ऑइल कसं बघताय. मी म्हणलं, दावतो की. गाडी बाजूच्या स्टँडवर कलती केली, कांडी काढली, पुसली, घातली, काढली. हे बघा, रोज अशीच रिकामी. मग एवढं वतायचं. आन वर अशी धार.

मिस्त्री घमेल्यातलं ऑइल बघाय लागला. म्हसरू तेवढं रवंथ करत हुतं.

मग मालक म्हणालं, “गाडीला बी रतीब लावलास व्हय गं?”

मिस्त्री म्हणाला, गाडी सरळ उभी करून बघायचं असतंय. कलती केली की ऑइल पल्याड पळतंय, कांडीला लागत न्हाय. गाडी गळत नव्हती, वर जास्त झाल्यालं वाट फुटंल तिकडनं भाईर पडत हुतं. मी म्हणलं, मग बाजूचा स्टँड गाडीला दिलाय कशाला.

बोल्टाचं आटं गेल्यात. इंजिनचा खालचा भाग लेथवर न्यायचा, गाडी काय आठवडाभर भेटत न्हाय. ते आटं माझ्या पायानं गेलं असं तो म्हणत नव्हता. नुसतं माझ्या पायाकडं बघत हुता.

सांजच्याला राजवीर आला. कॅन मीच काढून दिलं त्याच्या हातात. गाडीच न्हाय तर किल्ली काय देऊ. म्हणलं, घरं तुला ठाऊक न्हाईत, बोळातनं बोळ हायत, नावाच्या पाट्या न्हाईत. मला मागं घ्यावं लागंल. म्हणाला, बघू की काकू.

बघतोयस. माझ्याबिगर रतीब हुतोय काय.

१५ नोव्हेंबर, सकाळ

पहाटं उठून स्वेटर घालून बसलो. त्यानं हाक मारली न्हाय. गेला तसाच. म्हणलं बरं, चुकंल, फोन करंल. मोबाईल मांडीवर घेऊन बसलो. फोन आला न्हाय.

मी रोज परत येत हुतो त्याच्या आधीच हा माघारी आला. कॅन रिकामं. सांडलंय का म्हणून इचारलं. न्हाय म्हणाला, समद्यांचं घातलं. एक बी घर चुकलं न्हाय. आन रुचिता वैनींनी इचारलंय, फरशी घासायला काकू कधी येणार.

मी म्हणलं, घरं कशी सापडली रं?

“काकू, रतिबाच्या हरेक दारात गुलाबी थेंब हाय की. थेंब दिसला की थांबत गेलो.”

म्हंजे घरं मीच दावली. मी नसतो तर हा अजून बोळात फिरत असता. मालकास्नी तसं स्पष्ट सांगितलं.

मालक म्हणालं, चहा ठेव.

ठेवला.