सुकवणीची खोली

३ जानेवारी

खोली छान मिळाली. खिडकी रस्त्याकडे आहे आणि सकाळचं ऊन थेट अंथरुणावर येतं. घरमालकीण बडबडी. सामान एवढंच का म्हणाली, तर मी पुस्तकांचं बोचकं दाखवलं. वाचून काय पोट भरतं का, असं म्हणत तिनेच ती फळीवर नीट लावून दिली. खूप दिवसांनी हसले.

उद्यापासून लाँड्रीत काम. हे इथेच कामाला होते आणि मी गावी सासूबाईंपाशी. गेल्या वर्षी हे इथेच गेले. पिऊन पडले, असा निरोप आला. शेजारचा पिऊन आलेला असला तर बसमधली जागा बदलणारा माणूस! सुटीवर यायचे तेव्हा भोवळ येते म्हणायचे, अंगणात एकदा पडलेही. ती भोवळ कसली होती आणि हे कसे गेले, एवढं मला कळायला हवं. मी कोण ते इथे कुणाला सांगितलेलं नाही.

५ जानेवारी

इथे भारी कपडे पाण्यात नाही, एका औषधात धुतात. मग मागच्या सुकवणीच्या खोलीत टांगतात. एकेक कपडा तोंडावर धरून खोल श्वास घ्यायचा, हे माझं काम. वास गेला असेल तर इस्त्रीला, नसेल तर परत दांडीवर. या कामावरच्या माणसाला सगळे ‘नाक’ म्हणतात. इस्त्रीवाल्या आक्का म्हणाल्या की आता नाक मुरडायची सोय नाही, ते मालकांचं झालं. माझ्या आधीचं नाकही चांगलं होतं, असंही म्हणाल्या. मी घडी मोडली आणि पुन्हा घातली.

मालक गोड बोलतात. कायम परीटघडीचा शर्ट. सुकवणीच्या खोलीत मात्र पाऊल टाकत नाहीत. तिथल्या भिंतीत पंखा आहे, पण तो चालू केला की रस्त्यावरची धूळ पांढऱ्या कपड्यांवर बसते, म्हणून बंद. दाराला कडी बाहेरूनच.

१२ जानेवारी

आज पडले. आधी तोंडात गोडसर चव आली, मग ओठ बधिर झाले. दांडीवरचे कोट छाती भरल्यासारखे फुगले आणि बसले, पुन्हा फुगले. डोळे उघडले तेव्हा आक्का माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या. मालकांनी दारातूनच विचारलं, सकाळी काही खाल्लंत की नाही.

१५ जानेवारी

पुन्हा पडले. डॉक्टरांनी पापण्या ओढून पाहिल्या, रक्त कमी आहे म्हणाले. कामाचं सांगू लागले तर त्यांनी विचारलं की नवरा जाऊन किती दिवस झाले. दुःखानेही चक्कर येते म्हणे. दुःख मला रोज आहे. चक्कर इथे आल्यावर सुरू झाली.

२० जानेवारी

सुटी. घरीच होते, खिडकी उघडी, हातात पुस्तक. तरी तीच गोड चव.

आणि हे दिसले. दांडीपाशी उभे, एकेक कोट तोंडावर धरत होते. मी हाक मारली. वर पाहिलं नाही. मग कोट सोडून दाराकडे गेले आणि दार ठोठावू लागले. आतून.

जाग आली तर माझीच बोटं सोललेली. दाराच्या लाकडावर रक्त.

२३ जानेवारी

आक्कांना बोटं दाखवली. मी कोण तेही सांगितलं. त्या इस्त्री उभी करून खाली बसल्या.

हे कपड्यांत वरचेवर पडायचे. त्या दिवशी पडले तेव्हा पुढे मोठं गिऱ्हाईक आलेलं. दिसायला नको म्हणून मालकांनी कडी घातली. थोड्या वेळाने आतून ठोठावल्याचा आवाज आला. आक्कांनी ऐकला. मालकांनी डोळे वटारले आणि त्या इस्त्री करत राहिल्या. नंतर उघडलं तेव्हा संपलं होतं. यांच्या शर्टावर दारू मालकांनी ओतली.

आक्का माझे पाय धरायला वाकल्या. मी धरू दिले नाहीत. एक काम सांगितलं.

२८ जानेवारी

आता मी मुद्दाम खोल श्वास घेते. तिकडे गेल्याशिवाय हे भेटत नाहीत. रोज थोडे जवळ येतात. आज सगळ्या कोटांत माणसं होती. तोंडं नव्हती —

हे माझ्या कानाशी खोकले.

३० जानेवारी

आत आहे. भिंतीला टेकून लिहिते.

मालकांना म्हटलं, एका बड्या साहेबांच्या कोटाचा वास गेला की नाही कळत नाही, माझं नाक गेलं, तुम्हीच बघा. चिडत आत आले. कोट तोंडावर धरला. आक्कांनी कडी घातली. मी हाक मारली की उघडायचं, असं ठरलंय.

मालक ठोठावून दमले. कोट दांडीवरून उतरतायत. त्यांनाही दिसतायत, तोंडावरून कळतं.

मी नाव सांगितलं. यांचं नाव, तोंडाने, पहिल्यांदा. आणि विचारलं.

“ऐकला होता मी आवाज,” मालक म्हणाले. “गिऱ्हाईक बसलं होतं समोर.”

एवढंच. गिऱ्हाईक बसलं होतं.

ओठ गेले माझे —

मालक गुडघ्यावर. हे त्यांच्यामागे उभे. सुटीवर यायचे तेव्हाचा निळा सदरा. माझ्याकडे बघतात, आज पहिल्यांदा. पुरे म्हणतात. हाक मार म्हणतात, तूही आत आहेस —

मी म्हटलं, तुम्ही किती वेळ ठोठावत होतात? तेवढा वेळ तरी —

आक्का बाहेरून विचारतायत, उघडू का —

हे हात जोडतात —

मारते. मारते हाक. त्याला अजून थोडं —