बिलावरचं नाव आणि आपोआप चालणारं मशीन

धुळे, ३ मे १९९४
आजपासून हातानं काम बंद. अभयकुमार शेठच्या किराणा पेढीचं बिलिंग सॉफ्टवेअर म्हणजे साठ प्रोग्रॅम. एकेक कंपाईल करा, म्हणजे मशीनच्या भाषेत आणा, मग जोडा. अर्धा दिवस जातो. मी बॅच फाईल लिहिली. एक बटण दाबायचं, बाकी मशीन बघेल. कुंदाला सांगितलं, यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुझ्या माहेरी अमळनेरला दोघं जाऊ. ती म्हणाली, बघू.

५ मे
सतराव्या प्रोग्रॅमवर मशीन हँग. सेकंडहँड असलं तरी दणकट आहे. ऊन जास्त, इतकंच.

६ मे, दुपार
कूलर मशीनकडे वळवला. एकतिसाव्यापर्यंत गेलं. कुंदा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसली आहे. सहकार्य करते आहे.

८ मे
साठही झाले, एकदाचे. मशीन आपोआपच चालतं. फक्त समोर बसावं लागतं. अडकलं की बाजूनं थाप मारायची.

९ मे
सुधारणा केली. आता तारीख बघून नव्यानं बदललेले प्रोग्रॅमच तेवढे कंपाईल होतील. हे आधीच सुचायला हवं होतं.

१० मे
शेठ येऊन गेले. धाकटा भाऊ मगनलाल वेगळा झालाय, बिलावरून त्याचं नाव काढा म्हणाले. आखाजीच्या मुहूर्तावर नवं बिल हवं. किरकोळ काम, म्हणालो. कुंदा एकटीच अमळनेरला गेली. आखाजीला दुपारी जेवायला येतो, असं सांगितलं.

१२ मे
सकाळी लाईट जाऊन आली. मशीन चालू करून नाव काढलं. बटण दाबलं. चार सेकंदांत काम पूर्ण, एकही चूक नाही. मशीनला शेवटी वळण लागलं.

१३ मे, आखाजी
फ्लॉपी घेऊन पेढीवर गेलो. सगळे नातेवाईक जमलेले. पहिलं बिल छापून शेठच्या आई पानबाईंच्या हातात दिलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, अभयकुमार मगनलाल आणि कंपनी. डोळे पुसले. दोघं पोरं परत एकत्र आली, म्हणाल्या. शेठ आईकडे बघत राहिले. मग मला बाहेर नेऊन हळूच म्हणाले, उद्यापासून येऊ नका.
घरी येऊन कारण शोधलं. मशीनच्या घड्याळाचा सेल गेलाय. मशीन बंद झालं की ते १९८० सालात जातं. रोज मी हातानं तारीख टाकतो, काल राहिली. माझा बदल त्याला चौदा वर्षं जुना वाटला, म्हणून त्यानं काहीच केलं नाही. म्हणजे बॅच फाईल निर्दोष आहे. अमळनेरची शेवटची बस चुकली.

१४ मे, अमळनेर
सासरे भाईदास नाना ओट्यावर होते. म्हणाले, मशीन आपोआप चालस ना? मंग काल तुम्हीन कोठे व्हतात?
घड्याळापासून समजावून सांगायला लागलो. नाना उठून गोठ्याकडे गेले. कुंदानं ताट वाढलं. सणाचे मांडे काल संपले. वरण-भात होता.