एकेरी

९ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं. तूही ठीक असशील. तुझा फोन लागत नाही म्हणून पत्र लिहितेय. आईच्या हाती न देता थेट तुझ्या खोलीवर पाठवतेय. दार उघडलं नाहीस तर कुणीतरी खालून आत सरकवेल.

बातमी अशी की आमच्या फिल्मचं शूटिंग सुरू झालं. मी चौथी सहायक आहे, म्हणजे खुर्च्या उचलणाऱ्याच्या एक पायरी वर. पण आमच्या दिग्दर्शक सरांनी पहिला प्रसंग माझ्या हातात देऊन विचारलं, "कसा वाटतो?" घरातली पहिली पदवीधर असण्याचा हा तोटा. कुणी मत विचारलं की मला ते खरोखर द्यावंसं वाटतं.

प्रसंग साधा आहे. गरीब घर, आई, धाकटी बहीण आणि दारू पिणारा मुलगा. सरांचं म्हणणं, पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला गरिबी आणि व्यसन दोन्ही कळलं पाहिजे. म्हणून कॅमेरा खांद्यावर, सतत हलता. भिंग असं की भिंती अंगावर येतात. रंग नंतर हिरवट करायचा, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. गळका नळ, एक माशी, आणि मग मुलाचा थरथरणारा हात, अगदी जवळून.

मी सेटवर गेले तेव्हा दोघेजण भिंतीवर चहाचं पाणी मारून डाग पाडत होते. तिसरा पातेल्यांना काजळी फासत होता. आई तिथे असती तर तिने त्याच्या हातातून पातेलं हिसकावून घेतलं असतं. आपल्याकडे काय काय नव्हतं ते सांगायला बसले तर पत्र पुरणार नाही, पण आपल्या पातेल्यात तोंड दिसायचं, दादा.

नट तालीम करत होता. सर म्हणाले, "हात अजून थरथरू दे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याचा हात थरथरत नाही, सर."

"त्याचा म्हणजे कुणाचा?"

"पात्राचा."

"बरं. मग पात्र काय करतं, बाईसाहेब?"

मग मी सांगितलं. कॅमेरा हलवायचाच नाही. चटईवर बसलेल्या बहिणीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा आणि तिथून उठवायचा नाही, कारण तिलाही तिथून उठता येत नाही. घर लख्ख. मुलगा आत येतो. चपला जोडीने, भिंतीला समांतर लावतो. शर्ट काढून इस्त्रीच्या दुकानात घडी घालतात तशी घडी घालतो. मग बहिणीसमोर वाकून विचारतो, "जेवलात का तुम्ही?" आई वळूनही बघत नाही. तिचा हात फक्त गॅस बंद करतो. बस. बाटली दाखवायची नाही.

सगळं युनिट हसलं. एक जण म्हणाला, "एवढा सभ्य बेवडा कुणी पाहिलाय?"

मी पाहिलाय. शुद्धीवर असलास की मला बारके, माकडे, शेंबडे म्हणायचास. आणि प्यायलास की अहो-जाहो. आईला "आपण बसा", मला "तुमचा अभ्यास झाला का", एकदा तर मांजराला "आपण दूध घेणार?" शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, तुमच्या मुलाला किती वळण आहे हो. आई मान हलवायची. आपल्या घरात आदर आला की आम्ही दोघी भिंतीकडे सरकायचो.

सरांनी एक टेक माझ्या पद्धतीने घेतला. "जेवलात का तुम्ही" म्हणताना नट किंचित हसला. कट झाल्यावर सर हळूच म्हणाले, "हे कुठून आणलंस?" मी म्हटलं, "सुचलं."

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला.

मी आपल्या गेल्या आठ महिन्यांच्या भाषेत बोलत होते, व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यापासून तू बोलतोस त्या एकेरीत. आणि तू म्हणालास, "तुम्ही कामात नाही ना? तुमची फिल्म कशी चाललीय?"

मी सांगत सुटले. भिंग, उजेड, चहाचं पाणी. खूप वेळ बोलले, मध्ये जागाच ठेवली नाही, म्हणजे तुला आणखी एकदा "तुम्ही" म्हणायला मिळू नये. फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं, इस्त्रीच्या दुकानाचा मालक शेजारी उभा असेल, त्याच्याशी बोलता बोलता जिभेवर आलं असेल. किंवा शिकलेल्या बहिणीला मान दिला असेल. पदवीच्या दिवशी माझ्या गाऊनला इस्त्री करताना तू म्हणालाच होतास, आता तुला अहो म्हणावं लागणार. तेव्हा आपण हसलो होतो.

मग दुकानात फोन केला. मालक म्हणाला, "आठवडाभर फिरकला नाही. कपडे तसेच पडलेत." नंतर आईला केला. ती भाजीचे भाव सांगत राहिली आणि शेवटी म्हणाली, "काल आला होता. मला म्हणाला, आई, तुम्ही बसा." आणि लगेच, "तुझा खोकला कसा आहे?"

मी केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलले आहे. शनिवारपर्यंत ते खाट रिकामी ठेवतील. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. भाषण देणार नाही, रडणार नाही. फक्त दार उघड. एकट्याने जायचं नसेल तर मी केंद्रात तुझ्यासोबत येऊन बसते, आधीही बसले होते.

सर विचारतात, आईने गॅस बंद केल्यावर पुढे काय? मी तीन वेळा लिहायला बसले. एकात तू तसाच झोपतोस. एकात तू बाहेर जातोस, आणि ते मी पूर्ण केलं नाही. तिसऱ्यात तू मान वर करून म्हणतोस, "बारके, भूक लागलीय." ते वाचून सर म्हणाले, हे खोटं वाटतं. मी खूप भांडले त्यांच्याशी. ते खरं होऊ शकतं, हे मला तुझ्याशिवाय कुणी सिद्ध करून देऊ शकत नाही.

शनिवारच्या आधी फोन कर. रागाने केलास तरी चालेल. शिवी दे, मोठ्याने दे, पण दादा, एकेरीत दे.

तुझी,
आणि तुझ्यापुरती कायम "अगं" असलेली,
बारकी