मला उचलून आणले त्याची खरी हकीकत

मु. कोशिंबपाडा, डोळखांबच्या वर, तालुका शहापूर
मार्गशीर्ष वद्य, शके १८५९, बुधवार
(तिथी लिहिता येत नाही. पंचांग जयराम पाटलांनी नेले आहे. त्यांना वाचता येत नाही, पण घरात असलेले बरे म्हणतात.)

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,

त्रिंबकचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सहा सध्या ठणकत आहेत, तेव्हा नमस्कार मनापासूनचा आहे असे समज.) भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जवसाचे पोटीस बांधतेस की नुसतीच दुसऱ्यांना सांगतेस? इकडे सर्व क्षेम आहे. थंडी पडली आहे, भाताची झोडणी चालू आहे आणि माझी नोकरी शाबूत आहे. हे शेवटचे वाक्य लिहिताना किती हायसे वाटले ते तुला पुढे कळेल.

तुझे कार्ड डोळखांबच्या बाजाराहून आलेल्या माणसाने काल आणून दिले. तीन ओळी. "गुरुवारी आला नाहीस. सबनीस तासभर बसून उठून गेले. पोहे म्हशीने खाल्ले." खाली आशीर्वाद नाहीत, सही नाही. अक्का, तू रागावलीस की तुझे अक्षर फार सुरेख येते, हे मी लहानपणापासून पाहतो आहे. मुलगी बघण्याचा बेत तू जमवलास, सबनीसांसारख्या माणसाला राजी केलेस आणि नवरामुलगाच आला नाही, म्हणजे मुरबाडात तुझे नाक कापले गेले. सगळे मान्य. पण मी निघालो होतो. कोट घालून, नवा जोडा हातात घेऊन (धुळीने खराब होऊ नये म्हणून मुरबाडच्या वेशीवर घालणार होतो), तुझ्यासाठी नाचणीच्या पापडांचे बोचके काखेत मारून निघालो होतो. मला वाटेतून उचलून परत आणले. उचलून हा शब्द मी सहज म्हणून वापरलेला नाही.

हे समजण्यासाठी तुला माझी शाळा समजली पाहिजे. शाळा म्हणजे जयराम पाटलांची ओटी. एका टोकाला मी आणि फळा, दुसऱ्या टोकाला भाताची कणगी आणि पाटलांची म्हातारी आई, मध्ये चार इयत्ता. पहिलीला अक्षरे काढायला लावायची, तोवर तिसरीची बेरीज तपासायची, तोवर दुसरीतला एक जण पाटीवरची पेन्सिल खाऊन टाकतो. (पेन्सिली खातात, अक्का. भाजलेल्या मातीसारखी चव लागते म्हणतात. मी खाऊन पाहिली. खरे आहे.) पटावर एकतीस मुले, पण पावसाळ्यात भाताच्या आवणीला गेली ती आलीच नाहीत. पुढे गवताची कापणी लागली. आश्विनात सरासरी अकरावर आली आणि वरून कागद आला की वीसच्या खाली राहिल्यास शाळा बंद करण्यात येईल.

मी घरोघर फिरलो. प्रत्येक घरात तोच वाद. शिकून काय होणार? गुरे कोण राखणार? पाढे म्हणून भाताला लोंब्या जास्त येतात काय? यातल्या एकाही प्रश्नाला ट्रेनिंग कॉलेजात उत्तर शिकवत नाहीत. सर्वांत कडक गुणाबाई. तिची भिमी अकरा वर्षांची, चौथीत, अंकगणितात माझ्यापेक्षा जलद. ती पंधरा दिवस गवताला जात होती. गुणाबाईने मला बांधावर उभे करून विचारले, "माजी पोर शाळंत बसवतो, मंग गवात काय तू कापशील?" मी विळा घेऊन अर्धा तास कापले. तिने ते गवत पाहिले आणि म्हणाली, हे बैल खाणार नाही.

मग मी जुना उपाय काढला. उचलबांगडी. आपल्या वेळी मुरबाडच्या शाळेत होती, तुला आठवत असेल. (मला दोनदा आणले होते. एकदा तूच पत्ता सांगितला होतास.) चार दांडगी पोरे निवडली आणि त्यांना नीट नियम घालून दिले. दोघांनी दंड धरायचे, दोघांनी पाय. डोके भुईला लागता कामा नये. वाटेत मोठ्याने पाढा म्हणायचा, म्हणजे पावले सारखी पडतात. आणल्यावर पळपुट्याने सर्वांसमोर उभे राहून एकोणीसचा पाढा म्हणायचा. आणि शेवटचा नियम मी फळ्यावर लिहून ठेवला होता: कारण ऐकायचे नाही, कारण जो गैरहजर असतो त्याच्यापाशी कारण असतेच. हे वाक्य मला इतके आवडले होते की मी ते पुसलेच नाही.

पहिल्याच दिवशी भिमीला गवतातून उचलून आणले. गुणाबाई मागून शिव्या देत ओटीपर्यंत आली. भिमीने एकोणीसचा पाढा न अडखळता म्हटला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर येऊन मला सांगितले की ती चार पोरे चुकीची धरतात, तिला नायक केले तर ती नीट करून दाखवील. मी केले. अक्का, महिन्याभरात सरासरी सव्वीसवर गेली. मी स्वतःवर फार खूश होतो.

आता गुरुवार. रजेचा अर्ज शहापूरला जाऊन मंजूर होऊन परत येईपर्यंत सबनीसांची मुलगी आजी झाली असती. म्हणून मी विनारजाच निघालो. (विनारजा गैरहजर सापडला तर मास्तराची नोकरी जाते, हे मला ठाऊक होते. पण चार वर्षांत ह्या रानात तपासणीचा साहेब एकदाही फिरकलेला नाही, हेही ठाऊक होते.) शाळा भरवली, भिमीला पाढे लिहून घ्यायला सांगितले आणि म्हटले, मी घटकाभरात येतो. किन्हवलीच्या वाटेने झपाझप सरळगाव गाठायचे, तिथे मुरबाडची मोटार, असा बेत होता.

मला ठाऊक नव्हते ते असे. माझ्या आधी या पाड्यावर तीन मास्तर होऊन गेले. पहिला पेन्सिली आणायला शहापूरला गेला. दुसरा पगार आणायला गेला. तिसरा ओढ्यावर अंघोळीला जातो म्हणून गेला, ट्रंक घेऊन. तिघेही अजून यायचे आहेत. तेव्हा घटकाभरात येणारा मास्तर दिवाळीचा कोट का घालतो, एवढा प्रश्न भिमीला पडायला वेळ लागला नाही. तिने पहिलीला पाढे लिहायला बसवले, दारात लहानग्या लडकूला राखण ठेवले आणि तीन पोरे घेऊन निघाली.

मी अर्ध्या कोसावर, ओढ्याच्या काठी दगडावर बसलो होतो. मागून पावले वाजली. मी वळून काही म्हणणार तोवर दंड धरले गेले. मी म्हटले, अरे, मी तुमचा मास्तर. ते त्यांना माहीत होते. मी म्हटले, माझी रजा आहे. मी म्हटले, आई आजारी आहे. (देवाने क्षमा करावी, आई जाऊन आठ वर्षे झाली.) भिमी पायाकडे होती. ती म्हणाली, "मास्तर, कारन आयकायचा नाय. तुमीच लिवलाय." आणि तेराचा पाढा सुरू झाला.

अक्का, उचलून नेल्यावर माणसाला फक्त आभाळ आणि पोरांच्या हनुवट्या दिसतात. ओढ्यापासून पाड्यापर्यंत दोन्ही बाजूंना खळी आहेत आणि प्रत्येक खळ्यावर झोडणी चालू होती. ती थांबली. बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. शेवटच्या खळ्यावर गुणाबाई होती. तिने भाताचा भारा खाली ठेवला, वाकून माझ्या तोंडाजवळ तोंड आणले आणि विचारले, "आता कसा वाटतंय, मास्तर?" मला वाटले, आता ही सोडवील, निदान पोरांना रागे तरी भरेल. ती पोरांना म्हणाली, "नीट धरा रे. ह्यो गेला तर पाचवा नाय येयाचा." हसली नाही. त्यानंतर मी एकही कारण सांगितले नाही.

पोरे सत्तावीसच्या पाढ्यावर आली तेव्हा आम्ही अंगणात शिरलो. अंगणात बैलांची दमणी सोडलेली होती. ओटीवर पाटलांच्या खुर्चीत, पांढऱ्या फेट्याचे, गुडघ्यावर हजेरीपत्रक घेतलेले साहेब बसले होते. चार वर्षांत पहिल्यांदा आले ते त्याच गुरुवारी. (हे माझ्या पत्रिकेत कुठे आहे ते पंचांग परत आल्यावर बघणार आहे.) पाव तासापासून ते लडकूला विचारत होते की मास्तर कुठे आहेत आणि लडकू दर वेळी एकच उत्तर देत होता: "आनायला गेलेत."

पोरांनी साहेबांकडे पाहिलेसुद्धा नाही. नियमाप्रमाणे मला फळ्यासमोर उभे केले, माझी टोपी डोक्यावर ठेवली आणि भिमी म्हणाली, "एकोणीसचा." मी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी फळ्यावरचे वाक्य वाचले, माझ्याकडे पाहिले, हनुवटी तळव्यावर टेकली आणि म्हणाले, "म्हणा." मी एकोणीस सत्तेला अडलो. वर्गाने एका सुरात सांगितले.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब. साहेबांनी भिमीला सगळे विचारले आणि तिने गवतापासून ओढ्यापर्यंत सगळे सांगितले, एक अक्षर न गाळता. मग मला विचारले, कुठे निघाला होता? आई आजारी आहे हे पुन्हा म्हणावे असे ओठांवर आले होते, पण सगळ्या वर्गाचे डोळे माझ्यावर होते. मी म्हटले, मुलगी बघायला. साहेबांनी फेटा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटते तोंड लपवायला थोडा वेळ हवा होता. मग शेरेबुक मागवून लिहिले. शब्द न् शब्द उतरवून पाठवतो: "हजेरी समाधानकारक. मुलांचे पाढे उत्तम, शिक्षकांचे साधारण. शिक्षक पंधरा मिनिटे उशिरा हजर झाले, विद्यार्थ्यांनी आणले. शाळा चालू ठेवावी. शिक्षकांची तूर्त बदली करू नये. विद्यार्थी करू देतील असे वाटत नाही."

साहेब दमणीत बसून गेले आणि मी कणगीला टेकून खाली बसलो. दहा मिनिटे पोरांनी पाय उशिरा उचलला असता तर मी आज तुझ्या घरी, बिननोकरीचा, म्हशीने उरवलेले पोहे खात असतो. पाटलांच्या म्हातारीने न विचारता गुळाचा खडा दिला. इतका गोड गूळ मी खाल्लेला नाही. तर अशी ही हकीकत. नवऱ्यामुलाच्या मनात खोट होती असे सबनीसांना वाटत असेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखव. तुझ्या गुडघ्याला आराम पडो आणि राग उतरल्यावर तुझे गिचमिड अक्षरातले पत्र लवकर येवो.

तुझा धाकटा भाऊ,
त्रिंबक

ता. क. मुख्य काम राहिलेच. माझी मुरबाडला बदली व्हावी म्हणून भावोजींनी बोर्डातल्या त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांकडे अर्ज दिला आहे, तो त्यांना परत घ्यायला सांग. शेरेबुकामुळे नव्हे. शेरा काय, उद्या दुसरा साहेब दुसरा लिहील. मीच नको म्हणतो म्हणून. आणि जमल्यास दोन डझन पेन्सिली पाठव. खाऊन उरतील एवढ्या.

ता. क. दुसरा. बदली झाली तरच मुलगी, अशी सबनीसांची अट होती हे लक्षात आहे. तेव्हा पत्र त्यांना दाखवण्याआधी त्यांच्या मुलीला, भागीरथीला, दाखव. तिला लिहिता-वाचता येते असे तूच म्हणालीस. इथे तीन मुली आहेत, आणखी येतील, पण त्यांच्या आया म्हणतात बाईमास्तर असती तर पाठवल्या असत्या. तिला विचारून बघ. ती 'नाही' म्हणाली तर इथे भिमीला कळू देणार नाही, काळजी नको. तिला कारण ऐकायची सवय नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पापडांबद्दल वर लिहिले आहे ते खोटे. बोचक्यात पापड नव्हते. चार सदरे, वस्तरा, सर्टिफिकिट आणि खोलीतली देवाची तसबीर होती. मुलगी बघायला जाताना कोणी देव काखेत मारून नेत नाही. भावोजींचे काम होईपर्यंत तुझ्याकडेच राहायचे, परत यायचेच नाही, असे ठरवून निघालो होतो. मग ओढ्याशी बसलो. ओढा घोटाभर आहे, उतरायला जोडा काढावा लागतो, आणि जोडा तर माझ्या हातातच होता. तरी मी तिथे बराच वेळ बसून होतो. बोचके त्या दिवशी मला उचलणाऱ्या पोरांपैकी नामाने खोलीवर नेऊन ठेवले. मला कोणी काही विचारले नाही, भिमीनेसुद्धा नाही. संध्याकाळी खोलीवर गेलो तर सदरे दांडीवर टाकलेले होते आणि तसबीर परत खिळ्याला लावलेली होती. जरा तिरकी लागली आहे. मी ती अजून सरळ केलेली नाही.