लाल गाडीचं पासिंग

नाटे, ता. राजापूर
२ नोव्हेंबर २०२५

चि. मनूस,

आशीर्वाद. मी बरा आहे. तू आणि ऋत्विकराव बरे असाल. पाऊस एकदाचा गेला. भात झोडून झालं, पेंढा अजून अंगणात आहे. शेजारची गोदूबाई सकाळी मासळी देऊन जाते आणि रोज तुझी चौकशी करते.

फोनवर तू बोललीस त्याचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. फोनवर मला सुचत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितो.

तुझं म्हणणं असं की गाडीला पंधरा वर्षं होत आली, नोंदणीची मुदत संपते आहे, पुन्हा पासिंग करण्यात अर्थ नाही. ऋत्विकरावांनी गिऱ्हाईक बघितलं आहे, तर गाडी देऊन टाकावी आणि मी ठाण्याला तुमच्याकडे यावं. गणपतीत तू मला दाराला धरून गाडीतून उतरताना पाहिलंस. तेव्हापासून तू हे मनात घेतलं आहेस. माझे गुडघे गेले आणि आता गाडी चालवणं धोक्याचं, असं तू म्हणतेस.

आधी गाडीचं सांगतो. खाऱ्या हवेने बॉनेटचा लाल रंग विटून गुलाबी झाला आहे. मागचा दरवाजा आपणहून वर राहत नाही, त्याला काठी लावतो. एसी असून नसल्यासारखा. पण मनू, इंजिनाला नाव ठेवायला जागा नाही. पावसाळ्यात चार चार दिवस बंद राहते आणि किल्ली फिरवली की पहिल्या झटक्याला सुरू होते. इतक्या वर्षांत एकदा क्लच प्लेट बदलली, टायर आणि बॅटऱ्या बदलल्या, बाकी तेलपाणी. रस्त्यात तिने आपल्याला कधी उभं केलं नाही. शेजारच्या भागोजीची नवी मोठी गाडी दोनदा टेम्पोवर चढवून रत्नागिरीला न्यावी लागली. तो आता आपल्या गाडीकडे बघून काही बोलत नाही.

आणि चालवायला मजा येते, हे मला या वयात कळलं. गावखडीचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये सोडला की ती वळणं अशी घेते की जणू कप्पीवरून दोर जावा. मोठ्या गाड्या तिथे हेलकावतात. खाली पूर्णगडचा पूल दिसतो, खाडीत होड्या असतात, आणि ही लहानशी गाडी रस्त्याला चिकटून चालते. आई त्या उतारावर गाणं म्हणायची. मी गुडघ्यांवर हात घट्ट ठेवून बसायचो. "अहो, हात काढा तिथले. मी काय तुम्हाला समुद्रात नेतेय?" असं ती म्हणायची.

आई नर्सच्या नोकरीत असताना लसीच्या दिवशी थंड डबा मागच्या सीटवर ठेवून ती त्याला पट्टा बांधायची, हे तुला आठवत असेल. मला पट्ट्याची आठवण करून द्यावी लागत नसे, पण डब्यावर तिचा विश्वास नव्हता. कुठल्याही वाडीत लस पोचायला उशीर झाला, असं गाडीमुळे कधी झालं नाही. आई निवृत्त झाली त्यानंतरही गाडीची चाल तीच राहिली.

तेव्हा गाडी मी विकणार नाही. पासिंग करून घेणार आहे. गुडघ्यांचं म्हणशील तर वय झालं, त्यात इथली दमट हवा. तेल लावतो. काळजी नको.

तुझे
अप्पा

नाटे
२० नोव्हेंबर २०२५

चि. मनूस,

आशीर्वाद. तुझा निरोप मिळाला. ठाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्यासाठी वेळ घेतलीस आणि ते बहुतेक ऑपरेशन सांगतील, असं लिहिलंस. सुट्टी काढून मला न्यायला येते, असंही लिहिलंस. ते वाचल्यावर कळलं, आता लपवून चालणार नाही. तुझी सुट्टी, ऋत्विकरावांची धावपळ, डॉक्टर, हे सगळं जे नाही त्यासाठी व्हायला नको.

माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. ते डॅशबोर्डला घासतात.

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती राजापूरहून आली आणि फणसाखाली गाडी लावली. सीट तिने ठेवली होती तशी आहे. ती बुटकी, अगदी पुढे सरकून बसायची. मी केवढा आहे तुला माहीत आहे. सीटखालची कडी ओढली की सीट मागे जाते. तेवढंच आहे. मी तीन-चारदा खाली हात घातला. कडी हाताला लागते. मग हात परत घेतो.

तसाच बसून चालवायची सवय झाली. गाडीचं कौतुक एवढ्यासाठीही वाटतं, की चालवणारा असा घडी घालून बसला तरी तिने एकदाही झटका दिला नाही.

आता पासिंगची हकीकत सांगतो. जायच्या आधी शिवा मेकॅनिकला घरी बोलावलं. तो नेहमीप्रमाणे गाडीत बसून बघायला गेला आणि अर्ध्यावरच अडकला.

"काका, तुमी गाडी चालवताव का तिच्यात उकिडवे बसताव?" म्हणाला. "येवढा बांबूसारखा मानूस, नि सीट बालवाडीतल्या पोराची!"

मी हसलो. तो म्हणाला, हँडब्रेकची तार सैल आहे, दोन सीटांमधलं झाकण काढायला हवं, सीट मागे घेतो. आणि त्याने वाकून कडीला हात घातला.

मी ओरडलो. "सीटला हात लावायचा नाही!"

मनू, तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, माझा आवाज टेबलापलीकडे कधी गेला नसेल. गोदूबाई हातात कोयती घेऊन कुंपणाशी धावत आली. "काय गो बाय झालं, भाऊजी ओरडले?" शिवा तसाच वाकलेला, हात वर धरून. मग हळूच बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "बाईंची हाय होय. आधी सांगायचात ना." डाव्या दाराने आत शिरला आणि आडवा पडून, मान वाकडी करून त्याने ती तार घट्ट केली. पाच मिनिटांच्या कामाला दुपार गेली. जाताना गोदूबाईला म्हणाला, "आज माजी पाठ गेली. काकांचे गुडगे, माजी पाठ, गाडी तेवडी ठणठणीत!"

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला आरटीओत गेलो. शिवाही आला. साहेबांनी दिवे, हॉर्न, ब्रेक सगळं बघितलं. हॉर्न घोगरा आहे, तरी चालला. बॉनेट उघडायला लावलं, गाडी चालू ठेवून जरा वेळ ऐकत उभे राहिले. मग विचारलं, "इंजिन चांगलं राखलंय. गाडी कोण चालवतं?"

शिवा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आम्ही दोघं."

गाडी पास झाली. आणखी पाच वर्षं रस्त्यावर फिरायला मोकळी. येताना गावखडीच्या उतारावर मी गाणं म्हणून बघितलं. जमलं नाही, पण गाडीने वळणं छान घेतली.

एक बदल मात्र मी केलेला आहे, तोही सांगतो. आरसा फिरवला. तो तिच्या नजरेला लावलेला होता, मला त्यात मागचा रस्ता दिसेना, आणि ते दुसऱ्यांसाठीही धोक्याचं. त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. म्हणून सीटचं राहून गेलं.

डॉक्टरांची वेळ रद्द कर. मी म्हणतो ते बघ, पटलं तर. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला तू येशीलच. मी रत्नागिरी स्टेशनवर गाडी घेऊन येतो. तिथून नाट्यापर्यंत गाडी तू चालव. आईने तुला आंबोळगडच्या मोकळ्या कातळ सड्यावर याच गाडीवर शिकवलं होतं, हात विसरला नसेल. तुझी उंची तिच्याएवढीच आहे, सीट हलवावी लागणार नाही. मी डावीकडे बसेन. ती माझी जुनी जागा, तिथे पाय लांब होतात.

घरी पोचल्यावर तू उतर, पण लगेच आत जाऊ नकोस. दाराशी उभी राहा. मी कडी ओढेन. एकट्याने झालं नाही, तू असलीस तर होईल. त्यानंतरही आठ-पंधरा दिवसांत गुडघे दुखायचे थांबले नाहीत, तर तू म्हणशील त्या डॉक्टरांकडे येईन आणि गाडीचं तू सांगशील ते करू. हा माझा शब्द.

ऋत्विकरावांना आशीर्वाद. गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवायला सांग, आणि माझ्यावर रागावू नका म्हणावं.

स्टेशनवर गाडीत बसलीस की आरसा तेवढा तुला फिरवून घ्यावा लागेल.

तुझी वाट बघतो.

अप्पा