पालखी न थांबणारं घर

३ मार्च, सोमवार

आजपासून ‘उपस्थिती पंधरवडा’! आणि तोही शिमग्यात. ज्याने या तारखा काढल्या त्याने कधी कोकणात पाऊल तरी ठेवलंय का, शंका आहे. मुंबईचे बाप रजा काढून गावी येणार, पोरं ढोलामागे पळणार, आणि पंचायत समितीला नेमकी आत्ताच शंभर टक्के हजेरी हवी.

सकाळी फेरी काढली. मुलांच्या हातात फलक — ‘एकही तास बुडवू नका’. फेरीत गणित आणि मराठी, दोन्ही तास बुडले. मुख्याध्यापक म्हणून दीपक सर कुणालाच घाबरत नाहीत; फक्त फोटो हलला तर त्यांचा चेहरा पडतो. रोज वर्गात असणाऱ्या पाच पोरांना बाहेर काढून, मी त्यांना हाताला धरून शाळेत आणतेय असा एक फोटो काढला. मी नको म्हणत होते. तरी काढला. त्यात मी हसतेय, हे जास्त वाईट.

४ मार्च

शुक्रवारी साहेब येणार. गटशिक्षणाधिकारी स्वतः! दीपक सरांनी मुलींच्या नव्या शौचालयाला कुलूप घातलं. पांढऱ्या फरशा आहेत, पाणी कमी आहे, पोरं घाण करतील. चावी माझ्याकडे दिली — शाळेत बाई मी एकटीच. मी दुपारी फिनेल टाकून सगळं घासून काढलं. निदान एक गोष्ट या शाळेत नीट राहील.

५ मार्च

ग्रामसभा. महिपतराव सरपंच आणि शाळा समितीचे अध्यक्षही. पंधरवडा म्हणजे त्यांच्या हातात कोलीतच. विस्तार अधिकारी शेजारी बसले होते, त्यामुळे आवाज आणखी चढलेला.

‘कार्यवाहीत लिहून घ्या,’ म्हणाले. ‘ज्या घरामुळे पोर शाळेत येत नाय, त्या घराकडे औंदा पालखी थांबणार नाय.’

मग मागून कोणीतरी विचारलं, ‘आणि ज्याला पोरच नाय त्याच्याकडे दोनदा थांबंल काय?’ हशा झाला, आणि हशातच मंजूरही झालं.

हे कायद्यात बसतं का? शिमग्यात पालखीतून घरोघर फिरणाऱ्या देवाला हजेरी घ्यायला लावणारी ही माणसं! मी विस्तार अधिकाऱ्यांना हळूच तेच विचारलं. ते म्हणाले, हे लोकसहभागाचं उत्तम उदाहरण आहे, जिल्ह्याला कळवू.

निघताना महिपतराव म्हणाले, ‘बाई, तुम्ही भाडेकरू असलात तरी पालखी तुमच्या दारी थांबणार हां. नारळ ठेवा.’ मी मान हलवली. मला काय त्याचं.

७ मार्च, शुक्रवार

साहेब आले नाहीत. बैठक लागली म्हणे. आता बुधवारी येणार. स्वागताला ओवलेल्या झेंडूच्या माळा पोरांनी गळ्यात घालून घेतल्या.

मधल्या सुट्टीत मोठ्या मुली चावी मागायला आल्या. म्हटलं, साहेब येऊन जाऊ देत, थोडी कळ काढा. दोघी शाळेला लागूनच राहतात, त्या घरी पळाल्या.

८ मार्च

केळशीहून बाबांचा फोन. त्यांना सगळं सांगितलं, ते खो खो हसले. मला पाचवीपर्यंत त्यांनी शाळेत घातलंच नव्हतं. शाळेत पोरं शिकत नाहीत, रांगेत उभं राहायला शिकतात, असं त्यांचं मत. गणित बाबांकडे, मराठी-संस्कृत मालिनीआत्याकडे, आणि वर्ग पडवीत. तहान लागली की उठायचं, कंटाळा आला की बागेत जायचं. हजेरी कसली! आणि आज मी लोकांच्या पोरांची सकाळची आणि दुपारची, अशी दोनदा हजेरी घेते. बाबा म्हणाले, ‘भार्गवी, तू पोलीस झालीस.’ फोन ठेवल्यावर उगाच वाईट वाटलं.

१० मार्च, सोमवार

पालखीचा धाक बसला! कधी न येणारी पोरंही आली. एकाला ताप, तरी बसलाय. एकाला आजोबा खांद्यावर घेऊन आले. दीपक सर दारात उभे राहून व्हिडिओ काढताहेत. शिकवायला कोणी मोकळं नाही.

फक्त नम्रता नाही. सातवीतली, वरच्या वाडीची. पोरगी हुशार, अक्षर मोत्यासारखं. गेल्या आठवड्यात सकाळी यायची, दुपारच्या हजेरीला नसायची. मी दोनदा सगळ्यांसमोर टोकलं. आज आलीच नाही.

११ मार्च

आजही नाही. वडील, अनिल, मुंबईला. घरी आजी हौसा. तो वर्षातून एकदा, पालखी घराकडे येते तेव्हाच येतो. यंदा येणार आहे. आणि पालखी दारावरून पुढे गेली तर? वरच्या वाडीत ते कुणी विसरणार नाही. त्या पोरीच्या लग्नापर्यंत सांगतील.

दीपक सर म्हणाले, ‘लावा की हजर. एक नावच तर आहे. म्हातारीचा शिमगा कशाला बुडवता?’

मी नाही म्हटलं. नसलेल्याला आहे म्हणायचं? मग तो व्हिडिओ काढणारे आणि मी यात फरक काय राहिला? ते म्हणाले, ‘तुम्ही फार सरळ, बाई.’ शिवी दिल्यासारखं.

जेवण गेलं नाही. पण खोटं लिहिलं नाही.

१२ मार्च

अखेर साहेब आले! तासभर होते, त्यातला अर्धा तास सत्कारात गेला. एकाही मुलाला काही विचारलं नाही. वर्ग बाहेरूनच बघितले, शौचालय मात्र उघडून आतून बघितलं. मीच उघडलं. ‘वा! असं ठेवलं पाहिजे,’ म्हणाले. ‘पुढच्या आठवड्यात जिल्ह्याचे लोक येतील, तोवर असंच राहू दे.’ माझा फोटो काढला, चकाकणाऱ्या फरशांसोबत.

भाषणात म्हणाले, मुलं शाळेत येत नाहीत याला पालकांची उदासीनता कारणीभूत आहे. टाळ्या. मी मनात म्हटलं, तुम्ही एका तरी पालकाच्या घरी गेला आहात का?

आणि मग लक्षात आलं, मी तरी कुठे गेलेय.

१३ मार्च

होळी. घरमालकीणबाईंनी माझ्या दारापुढेही सारवून दिलं. मी नारळ आणला. ओटीचे तांदूळ, खण, सगळं आणलं. कशाला ते माहीत नाही. पालखी भाड्याच्या खोलीपुढे थांबेल, याने मला एवढं बरं का वाटावं?

१५ मार्च, शनिवार

शाळा सुटल्यावर वरच्या वाडीत गेले. चढ केवढा! कातळ तापलेला, चप्पल चिकटत होती. पोचेपर्यंत माझा जीव गेला.

हौसा आजी अंगण सारवत होत्या. पालखीसाठी. कोपऱ्यात तुळशीपुढे नवा नारळ ठेवलेला. अनिल आज रात्री येतोय म्हणाल्या. नम्रता मला बघून आत गेली.

मी ठरवून गेले होते तसं बोलले — शिक्षणाचं महत्त्व, मुलीचं भवितव्य, साहेबांचीच वाक्यं, थोडी मऊ करून. आजी शेणाचा हात तसाच धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पोरीला शाळा नको झालेली नाय, बाई. ती रडते शाळेसाठी.’

मग का येत नाही?

त्यांनी आत बघितलं. आवाज खाली आणला. ‘मोठी झालीय ना ती. दुपारची घराकडे येते. हा चढ चढून. परत जायला निघते तवर तुमची हजेरी झालेली असते. मग तुम्ही पोरांसमोर बोलता. त्या दिवशी म्हणाली, आता जातच नाय.’

मी म्हटलं, पण शाळेत सोय आहे की. नवीन बांधलंय.

‘हाय ना,’ आजी म्हणाल्या. ‘त्याला कुलूप पण हाय.’

त्या रागावल्या नव्हत्या. उलट लाजल्या, जणू माझ्यासमोर नको ते बोलून गेल्या. ‘तुम्ही मोठ्या घरच्या, तुम्हाला कसं सांगायचं,’ म्हणाल्या. चहा केला. मी प्यायले. पर्स मांडीवर होती. तिच्यात चावी होती. मला ती बाहेर काढताही येईना आणि आत ठेवताही येईना.

उतरताना आठवत होतं — आमच्या पडवीतल्या शाळेत मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. अकरा वर्षांची होईपर्यंत मला माहीतच नव्हतं की यासाठी विचारावं लागतं. आणि त्या मुली आल्या तेव्हा मी म्हटलं, कळ काढा! कुणासाठी? फरशांसाठी!

साहेबांना हसले, सरपंचांना हसले, दीपक सरांना तर रोजच हसते.

१६ मार्च

रविवार असूनही शाळेत गेले आणि कुलूप काढलं. दीपक सर फोनवर, जिल्ह्याच्या लोकांचं काय, म्हणून ओरडत होते. म्हटलं, त्यांना तहान लागली तर पाणी देऊ आणि गरज लागली तर रांग दाखवू. बादली भरून ठेवली.

मग महिपतरावांकडे गेले. उद्या कुठे थांबायचं, कुठे नाही, ते मानकऱ्यांना सांगत बसले होते. मी म्हटलं, तुमचा ठराव पुन्हा वाचा. पोराचं घर असं त्यात लिहिलेलं नाही. ज्या घरामुळे पोर शाळेत येत नाही ते घर, असं लिहिलंय. आणि मग सगळं सांगितलं, चावीसकट.

ते हसायला लागले. मी हसत नाही हे बघून थांबले. ‘बाई, पालखी म्हणजे चेष्टा नाय,’ म्हणाले.

म्हटलं, म्हणूनच आलेय.

१७ मार्च, सोमवार

नम्रता आज दोन्ही हजेऱ्यांना होती.

संध्याकाळी पालखी वरच्या वाडीत गेली. हौसा आजींच्या अंगणात कितीतरी वेळ नाचली, ढोल इथपर्यंत ऐकू येत होते. अनिलने खांदा दिला म्हणे. मग पालखी खाली आली. घरमालकीणबाईंच्या दारी थांबली. मी नारळ हातात घेऊन माझ्या दारात उभी होते. भोई माझ्याकडे न बघता पुढे गेले.