शेवटच्या रांगेचा निकाल

३ मार्च

एकतीस वर्षांनी ऑपेरा हाउस उघडतंय आणि पहिलं गाणं माझ्या लेकीचं! मीही तिथेच गायले – माइकशिवाय, पार वरच्या गॅलरीपर्यंत. ती म्हणते, "आई, मीही माइक लावणार नाही. पण निकाल तू द्यायचास, शेवटच्या रांगेत बसून."

देईन की. लाड करून गळा तयार होत नाही.

६ मार्च

तालीम. चार जिने चढले. नवा सोनेरी रंग, जाड गालिचे – नवरीसारखं नटवलंय नुसतं! ती गायली. खालचे सूर ठीक. वरचे? गायब! तोंड उघडलेलं दिसतं, सूर येत नाही.

शेजारी सुतार खुर्च्यांचे स्क्रू आवळत होता. काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात.

७ मार्च

आर्किटेक्टला फैलावर घेतलं. गालिचे आवाज गिळतात! तो म्हणे, "बाई, मोजून बघितलंय. पूर्वीइतकाच पोचतो." मला शिकवतोय!

जेवताना लेकीला सांगून टाकलं – माइक लाव.

तिचा घास हातातच राहिला. "खरंच पोचत नाही?"

"नाही."

"तुझा पोचायचा."

"माझा पोचायचा."

९ मार्च

रियाज बंद. खोलीचं दार लोटलेलं. मी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. काय चुकलं माझं? खोटं बोलायला हवं होतं?

१२ मार्च

माइक लावून गायली. टाळ्या भरपूर. घरी आल्यावर म्हणाली, "हे शेवटचं, आई. यापुढे शिकवण्या करीन. माझा गळा तेवढाच."

मी तिचं ताट वाढायला घेतलं.

१३ मार्च

चष्म्याची डबी गॅलरीत राहिली होती, आणायला गेले. सुतार तिथेच. या वेळी समोर उभा राहून खणखणीत बोलला – "बाई, काल मजा नाही आली. तालमीत ताईंचा वरचा सूर असा आला, की माझा हात थांबला. तेच सांगत होतो तेव्हा. तुमचं लक्षच नव्हतं."

घरी न जाता तडक कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

१५ मार्च

कानाच्या डॉक्टरांचा कागद लेकीच्या हातात दिला. वाचून ती काहीतरी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा विचारलं – "काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही."